नावावर चढलेलं काम

"माझा फोन तर पोळ्यापासून बंदच हाय," मागच्या रांगेतली मावशी शेजारणीच्या कानात म्हणाली. "मंग माझं नाव तिथं कसं काय चमकून राह्यलं?"

"चुप बैठ गे," शेजारची खाला म्हणाली. "मेहमानां बैठे हैं." आणि दोघी पदराआड हसल्या.

मी त्यांच्या पुढच्याच रांगेत, भिंतीला लागून बसले होते. मांडीवर लॅपटॉप. मैत्रिणीने मान हलवली की पडद्यावर पुढचं चित्र आणायचं, एवढंच माझं काम. जालन्यात स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल आम्ही अर्ध्या दिवसासाठी घेतला होता. एरवी तिथे साखरपुडे होतात. स्टेजमागचे थर्माकोलचे मोर कोणी काढले नव्हते, त्यांच्यावरच आमचा बॅनर बांधला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पिसं डोकावत होती. पुढच्या खुर्च्यांवर बंगळुरूहून आलेले पाहुणे होते. मागे बदनापूरच्या पुढच्या एका गावातून जीप करून आणलेल्या बायका. आणि मध्ये, हातात माईक घेऊन, माझी मैत्रीण.

पडद्यावर गावातल्या बायकांची नावं एकाखाली एक होती, देवनागरीत. एखाद्या नावाने नवी नोंद झाली की त्या नावापुढचा हिरवा ठिपका चमकायचा. ते पान मीच बनवलं होतं. बायकांना आपलं नाव लांबून ओळखता यावं म्हणून अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली होती. त्या दुपारी ठिपके लग्नाच्या मांडवावरच्या माळेसारखे उघडझाप करत होते, आणि मैत्रीण पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होती की आपण इथे बोलतोय तेवढ्यातसुद्धा या बायका स्वतःचं काम स्वतः नोंदवतायत.

पाहुण्यांना वाटलं असेल, आलेल्या बायका वेगळ्या आणि शेतात राहिलेल्या वेगळ्या. कोणतं नाव कोणाचं हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघींना माहीत होतं आणि त्या बायकांना. मावशीचं नाव वरून तिसरं होतं. मी पडद्याकडे पाहिलं. ते चमकलं. मी मागे वळून मावशीकडे पाहिलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती झाकण कसं उघडतं ते बघत होती.

आधी वाटलं, माझ्याच पानात काहीतरी चुकलंय. तसं असतं तर बरं झालं असतं.

मैत्रीण आणि मी बालवर्गापासून एका बाकावर. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची होती, पण मी इंग्रजीतही बोलायचे नाही आणि मराठीतही नाही. मला बोलायचं नसायचं असं नव्हे. मनातल्या मनात वाक्य नीट लावेपर्यंत उशीर व्हायचा आणि तेवढ्यात ती बोलून टाकायची. एकदा तोंडी परीक्षेत बाईंनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं आणि बाईंनी मार्क मला दिले. दुकानात मला कोणता रंग हवा ते ती सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. संभाजीनगरला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांशी बोलली तीसुद्धा तीच. मी आत चहा गाळत होते. आई म्हणायची, आमच्या पोरीची जीभ त्या पोरीच्या तोंडात आहे. आई ते कौतुकाने म्हणायची. मलाही त्यात वावगं वाटायचं नाही. कोणीतरी आपल्याला इतकं ओळखतं याचं सुख होतं.

कॉम्प्युटरसमोर मात्र मला तिची गरज पडायची नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी ब्लॉकचेनचं काम शिकले. ब्लॉकचेनवरची नोंद एका कॉम्प्युटरवर नसते. ती एकाच वेळी जगभरच्या अनेक कॉम्प्युटरांवर लिहिली जाते, त्यामुळे मागाहून कोणा एकाला ती खोडता येत नाही. अशी नेटवर्कं बरीच आहेत. जुन्या, नावाजलेल्या नेटवर्कवर नोंद करायची म्हणजे वाट बघत बसायचं, आणि गर्दीच्या वेळी एका नोंदीचा खर्च मजूर बाईच्या दिवसभराच्या रोजाहून जास्त. मला सापडलेलं नेटवर्क तसं नव्हतं. बटणावरचं बोट उचलेपर्यंत नोंद होऊन जायची आणि तिला पैसाभरही खर्च यायचा नाही. ज्यांनी ते बनवलं होतं त्यांनी नवख्या प्रोग्रामरसाठी लिहिलेल्या सूचना साध्या होत्या. आपण चुकलो तर का चुकलो ते तिथेच कळायचं, चारचौघांत हात वर करून विचारावं लागायचं नाही. माझ्यासारखीला हे किती मोठं वाटतं ते बोलक्या माणसांना सांगून कळणार नाही. पहिल्यांदा माझी नोंद त्या नेटवर्कवर गेली तेव्हा मी खोलीत एकटीच होते आणि मोठ्याने हसले होते.

त्याचा उपयोग कशाला करायचा हे मला गावाकडे बघून सुचलं. आमच्या भागात बियाण्यांच्या कंपन्या आहेत. त्यांचं संकरित बियाणं आजूबाजूच्या गावांतल्या प्लॉटवर तयार होतं, आणि ते तयार करतात बायकांचे हात. कपाशीच्या प्लॉटवर संध्याकाळी बाई उद्या उमलणारी कळी शोधते, तिच्यातले नराचे केसर अंगठ्याच्या नखाने अलगद काढून टाकते आणि वर लाल कागदाची टोपी घालते. सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीचं नर फूल त्यावर फिरवते आणि ओळखीसाठी दोरा बांधते. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. नख जरा जोरात लागलं की कळी गेली. केसर थोडं राहिलं की बियाण्यात भेसळ. काही बायकांच्या क्रॉसिंगला बोंडं जास्त धरतात. त्यांच्याबद्दल म्हणतात, हिचा हात लागतो.

पण हात लागतो हे फक्त तिच्या टोळीला माहीत. प्लॉटवाल्याच्या तोंडी नाव मुकादमाचं. अमक्याची टोळी चांगली, एवढंच तो सांगणार. मुकादमाशी बिनसलं की बाई दुसऱ्या प्लॉटवर नवखी, आणि नवखीला नवखीचा रोज. तिने कुठे किती हंगाम काम केलं आणि त्या प्लॉटचं बियाणं कसं उतरलं, हे सांगायला तिच्याजवळ स्वतःचं काही नाही. मला वाटलं, ते तिच्या नावावर असावं. कोणी दिलं तर असावं आणि काढून घेतलं तर जावं, असं नको. नुसतं असावं.

हे मी मैत्रिणीला जालन्यातच, मस्तगडमध्ये तिच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत सांगितलं. बोलताना मी रंगाच्या डब्यावरची माहिती वाचत होते, तिच्याकडे बघत नव्हते. तिने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "चल, करू." त्या खोलीतले डबे एका भिंतीला लावून आम्ही तिथेच ऑफिस मांडलं. प्रोग्राम मी लिहायचे, माणसांशी ती बोलायची. हे ठरवावंही लागलं नाही.

गावात पहिल्या एकदोन खेपा तिने केल्या. मग तिची बाहेरच्या लोकांशी ऑनलाइन बोलणी सुरू झाली आणि मला एकटीला जाणं भाग पडलं. काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाजूला बसून जायचे आणि सगळी वाट पहिलं वाक्य घोकत राहायचे. बायकांना माझं मराठी पुस्तकी वाटायचं. पहिल्या दिवशी मी "आपण कुठे निघालात?" असं विचारलं तेव्हा मावशी खालाला म्हणाली, "ही मत मागायला आली का काय गं?" मावशी म्हणजे त्या टोळीतली सगळ्यात जुनी, जिचा हात लागतो अशी. नात्याने ती माझी कोणी नाही. सगळ्या टोळीची ती मावशी होती, तशी माझीही झाली. खाला तिची शेजारीण. दोघी एकाच ओळीत काम करायच्या आणि दिवसभर एकमेकींना चिडवायच्या.

ब्लॉकचेन म्हणजे काय हे मी त्यांना समजावत होते तेव्हा मावशीने मध्येच हात वर केला. "म्हंजे भोंग्यावर सांगितल्यावानी. समद्या गावानं ऐकलं की मंग माघारी घेता येत न्हाई." मी म्हटलं, तसंच. खाला म्हणाली, "और भोंगे पे झूठ बोले तो?" सगळ्या हसल्या आणि मीही हसले. खोटं कोण बोलणार, असं काहीतरी मी म्हणाले असेन.

आमचा घोटाळा झाला तो बारा शब्दांपाशी. या नेटवर्कवर खातं उघडलं की फोनवर बारा इंग्रजी शब्द येतात. ते ज्याच्याजवळ, खातं त्याचं. बँक नाही, साहेब नाही, मुकादम नाही. कोणावर भरोसा ठेवायची गरजच पडू नये, हीच तर या सगळ्याची थोरवी. मी बायकांना ते शब्द देवनागरीत लिहून दिले. खालाला तिच्या भाचीने उर्दूत लिहून दिले. आणि पुढच्या खेपेला मावशीने सगळ्यांचे कागद गोळा करून माझ्या हातात ठेवले. आमच्याकडे एटीएमवर गेलेली बाई मदत करणाऱ्याला आधी पिन सांगते, मग कार्ड देते, त्यातलाच हा प्रकार. ती म्हणाली, घरात उंदीर हायेत, पोरं हायेत, कागद काय टिकतो, तुझ्यापाशीच राहू दे. मी म्हटलं, असं चालत नाही, हे तुमच्याकडेच हवेत. मावशीने माझी मूठ कागदांवर मिटवली.

"आम्ही तुला आमची समजून राह्यलो," ती म्हणाली, "अन् तू हिशोबानं बोलती का?"

त्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही. कागद ऑफिसच्या कपाटात ठेवले. एखादा हरवला तर पंचाईत नको म्हणून मैत्रिणीने सगळे शब्द आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. मला ते गैर वाटलं नाही. माझं जे काही होतं ते तिच्याजवळही असायचं, लहानपणापासून.

ते काही आठवडे मी आयुष्यात कधी बोलले नव्हते इतकी बोलले. ज्यांना जमायचं त्या स्वतः फोनवर नोंद करायच्या, बाकीच्या माझ्यासमोर उभ्या राहून सांगायच्या आणि मी बटण दाबलं की नोंद झाली का ते वाकून बघायच्या. मुकादम बांधावर उभा राहून म्हणायचा, "आता कॉम्प्युटर बोंडं धरणार का, ताई?" बायका त्याच्या देखत हसायच्या नाहीत. तो वळला की हसायच्या. एकदा मावशीने प्लॉटवाल्याला फोनवर स्वतःच्या नोंदींचं पान दाखवलं. त्याने चष्मा वर करून ते वाचलं आणि पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. त्या संध्याकाळी मी काळीपिवळीत चढताना मावशीने माझ्या पिशवीत भेंड्या कोंबल्या.

पोळ्यानंतर माझं गावाला जाणं थांबलं. अशा कामांना पैसे देणाऱ्या बंगळुरूच्या एका संस्थेचे लोक दसऱ्याच्या आधी येणार होते, आणि त्यांना बघायचं होतं की साधी माणसं हे रोज खरंच वापरतात का. मैत्रीण म्हणाली, तू आता पडद्यावर दाखवायच्या पानाचं बघ, गावाचं मी बघते. अधूनमधून ती सांगायची की नोंदी वाढतायत. मी म्हणायचे, छान. हंगाम जोरात होता, वाढणारच.

हॉलमध्ये चहाची सुटी झाली. पाहुणे समोशांकडे गेले. मी लॅपटॉप तसाच ठेवला, फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून नेटवर्कचं पान उघडलं. तिथे कोणाच्याही खात्यावरच्या नोंदी कोणालाही बघता येतात. मावशीचं खातं शोधलं. सकाळपासून नोंदींची रांग लागली होती. तळ्याकाठचा प्लॉट, मग विहिरीजवळचा, मग सडकेलगतचा, पुन्हा तळ्याकाठचा. खालाच्या खात्यावर तोच क्रम. तिसऱ्या बाईच्या खात्यावरही तोच.

क्रॉसिंग करणारी बाई अशी फिरत नाही. एका प्लॉटवर लागली की हंगाम सरेपर्यंत तिथेच. हा क्रम माझा होता. अगदी सुरुवातीला, आमचं नोंदींचं ॲप नीट चालतं का ते तपासायला, मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. खोट्या नावांच्या खात्यांवरून तो आपोआप नोंदी करत राहायचा. प्लॉट आलटूनपालटून घ्यायला हवे होते, पण मी आळस केला आणि क्रम एकच ठेवला. तो प्रोग्राम आमच्या दोघींच्याच लॅपटॉपवर होता. आता त्यात खोट्या नावांच्या जागी या बायकांचे बारा शब्द बसवलेले होते.

स्वस्त आणि झटपट आहे म्हणून मी ते नेटवर्क निवडलं होतं. बाईच्या एका दिवसाच्या कामाची नोंद परवडावी म्हणून. जितक्या स्वस्तात खरी नोंद होते तितक्याच स्वस्तात खोटीही होते, हे मला सुचलं नव्हतं. आणि खरी खोडता येत नाही तशी खोटीही येत नाही. मावशीच्या नावावर आता ते कायमचं चढलं होतं. एकाच सकाळी तीन प्लॉटवर काम, वर हॉलमध्ये बसून चहा. उद्या त्या प्लॉटवाल्याने चष्मा वर करून हे पान वाचलं तर लबाड कोण ठरेल? आणि ते गावभर करायला मुकादमाला तर भोंग्याचीही गरज पडणार नव्हती.

मैत्रीण हात धुवायला बाहेर बेसिनपाशी गेली होती. मी तिच्यामागे गेले. फोन तिच्यासमोर धरला. बोलायचं काही ठरवलं नव्हतं, पण ती बघताक्षणी समजली.

"तू घाबरतेस म्हणून तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. आवाजात चिडही नव्हती आणि भीतीही. मला आजवर ज्या आवाजात ती सगळं समजावत आली त्याच आवाजात.

मग तिने समजावलं. पोळ्यानंतर ती एकदाच गावाला जाऊन आली होती. बायकांचे फोन बंद, कोणाचा रिचार्ज संपलेला, कोणाचा मुलगा फोन घेऊन गेलेला. नोंदी बंद पडल्या होत्या. पाहुण्यांना काय दाखवायचं होतं? पैसे आले की सगळ्यांना फोन घेऊन देता येतील, मग खऱ्या नोंदी येतीलच, या त्यात बुडून जातील. सगळेच असं करतात. आणि कोणाचं गेलं काय? एक रुपया तरी गेला का कोणाचा?

मी म्हटलं, "त्यांचं नाव गेलं."

"कुठे गेलं? कोण बघतंय?" तिने हात रुमालाला पुसले. "हे बघ, आत जाऊन तू काय सांगणार आहेस? तू? तिथे उभी तरी राहशील का?"

ती हे टोमण्याने म्हणाली नाही. मला वाईट वाटलं ते त्याचंच. तिला माझ्याबद्दल खात्री होती. खिशातल्या चिल्लरीची असते तशी. तिने हात पुढे करून माझ्या गळ्यातलं उलटं झालेलं ओळखपत्र सुलटं केलं, ओढणी खांद्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "चल, फक्त अर्धा तास. मग घरी जाताना बोलू." आणि मी तिच्यामागे हॉलमध्ये गेलेही. इतक्या वर्षांची सवय पायांत असते.

मी जागेवर बसले. ठिपके चमकतच होते. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं, प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर चालू होता. मी पडदा बंद करू शकले असते. बोट बटणापर्यंत नेलं आणि तसंच ठेवलं. पडदा काळा झाला असता, नोंदी चालूच राहिल्या असत्या, आणि तिने हसून सांगितलं असतं की लाइट गेली.

पाहुण्यांपैकी एक बाई वयाने मोठ्या होत्या. त्यांना बायकांशी बोलायचं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं की तुम्ही याच्यावर विश्वास का ठेवलात, तुमचं काम यात सुरक्षित आहे असं तुम्हाला का वाटतं? प्रश्न चांगला होता. मैत्रिणीने मराठीत मावशीला विचारलं, "मावशी, तुमचा भरोसा आहे ना यावर? का आहे ते सांगा."

मावशी उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. माईक तिने तोंडाला लावला नाही, हातात पाण्याच्या गडव्यासारखा धरला.

"मला त्यातलं काय कळतंय, बाई," ती म्हणाली. "मशीनवर माझा भरोसा न्हाई. ही पोरगी हाय ना," तिने माझ्याकडे बोट केलं, "ही बोलत न्हाई जास्ती. पर उन्हातानात आमच्या संगं फिरली. ही लबाडी करायची न्हाई. म्हणून दिले शब्द. हिच्यावर भरोसा हाय."

खाला मागून म्हणाली, "बराबर."

मैत्रिणीने पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत सांगितलं की या म्हणतायत, त्यांचा या नेटवर्कवर पूर्ण विश्वास आहे, कारण त्यावरची नोंद कोणी बदलू शकत नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपलं बोलणं आवडलं असं वाटून मावशी लाजली आणि खालीच बघत बसली.

त्या हॉलमध्ये दोन्ही भाषा येणाऱ्या आम्ही दोघीच होतो, एकाच शाळेत शिकलेल्या. मावशीने काय म्हटलं आणि पाहुण्यांना काय सांगितलं गेलं, हे आम्हा दोघींशिवाय कोणालाही कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. वाक्यं लावायला मला वेळ लागतो हे तिला माहीत होतं, आणि माझ्याही मनात एक वाक्य लागत नव्हतं. बायकांनी मला दिलेला भरोसा तिने माझ्यादेखत उचलला आणि दुसऱ्या कशाच्या तरी नावावर लिहून टाकला, एवढंच समोर दिसत होतं.

मी उभी राहिले. लॅपटॉप मांडीवरून घसरला आणि खुर्चीच्या पायाशी आपटला, त्या आवाजाने सगळे वळले. मैत्रीण लगेच म्हणाली की हिला आभार मानायचेत, हिनेच हे बनवलंय. पुन्हा टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी उभीच राहिले.

आधी मी इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं की आत्ताचं भाषांतर चुकीचं होतं, आणि या बाई खरं काय म्हणाल्या ते सांगितलं. सकाळपासूनच्या नोंदी कोणत्या लॅपटॉपवरून झाल्या तेही सांगितलं. माझा आवाज फाटत होता. मध्ये एकदा मैत्रिणीने माझं नाव घेतलं, फक्त नाव, हळू, लहानपणी घ्यायची तसं. मी अडखळले. तिच्याकडे पाहिलं असतं तर बहुतेक थांबलेच असते. मी बायकांकडे वळले. मावशी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होती. काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं, आणि ती माझ्याचसाठी काळजीत पडली होती. तिला वाटत असावं, ही पोरगी रडणार आता.

"मावशी, खाला, नीट ऐका," मी म्हटलं. "तुम्ही न केलेलं काम तुमच्या नावावर चढलंय. तुमचे बारा शब्द वापरून ते इथून केलंय. ते आता पुसता येत नाही, पण ते तुमचं नाही हे मी प्लॉटवाल्याला सांगीन, मुकादमालाही सांगीन. आज गावी गेलं की सगळ्यांची नवी खाती उघडू. नवे बारा शब्द येतील. ते कोणाला दाखवायचे नाहीत, कोणाकडे ठेवायला द्यायचे नाहीत. मलासुद्धा नाही."